हजेरीपटाची नवी मांडणी



'संघाची पुनर्बांधणी' हा आजचा विषय फलकावर वाचून काही मंडळींचा असा समज झाला असेल की, हा कामगार चळवळीतला मनुष्य, तेव्हा हा युनियनच्या सभासद-नोंदणीविषयी बोलणार आणि शेवटी हळूच पावतीपुस्तक काढणार! तशी भीती कोणी बाळगू नये. पावतीपुस्तक आम्ही घरी ठेवून आलो आहोत. आज बोलावयाचे आहे ते खेळाडूंच्या संघाविषयी. आणि गंमत अशी की, ज्या संघापासून आम्ही सुरुवात करणार आहोत त्यात एकही हाडामांसाचा खेळाडू नाही.

आम्ही क्रीडापंडित नव्हे. शाळा लवकर सुटली. पुढे जे काही शिकलो ते वाचनालयाच्या बाकावर आणि खामगावकडच्या जिनिंग-प्रेसिंगच्या फाटकांवर. परंतु गेली तीस वर्षे एक वस्तू आम्ही सतत हाताळीत आलो आहोत, ती म्हणजे हजेरीपट. कामगार त्याला मस्टर म्हणतात. मस्टरवर नाव चढणे म्हणजे काय आणि ते उतरणे म्हणजे काय, हे आम्हाला थोडेफार ठाऊक आहे. खेळाच्या संघाची बांधणी हा मुळात मस्टरचाच प्रश्न होय, आणि म्हणूनच हा विषय घेण्याचे धाडस आम्ही करीत आहोत.

आपल्या पिंपळगाव राजातही संध्याकाळी पारावर, एस. टी. च्या थांब्यावर मुले मोबाईलमध्ये मान घालून बसलेली दिसतात. ती सगळीच वाया चालली आहेत, असे मनाशी ठरवून आपण पुढे जातो. गेल्या वर्षी आम्ही पुढे न जाता अशा एका कॉलेजकुमाराजवळ बसलो आणि तू करतोस तरी काय, असे विचारले. तो म्हणाला, "काका, मी बास्केटबॉलचा संघ चालवतो." आम्ही म्हणालो, "बाबा रे, गावात बास्केटबॉलचे मैदान कुठे आहे?" तो हसला आणि त्याने पडदा आमच्यापुढे धरला. पडद्यावर नावांची यादी होती. नावापुढे वय, उंची, नेमबाजीचे गुण, बचावाचे गुण, पगार आणि करार संपण्याचे वर्ष. आम्ही पाहतच राहिलो. ते हुबेहूब मस्टर होते!

या खेळाची रचना थोडक्यात सांगतो. बास्केटबॉल हा खेळ अमेरिकेत १८९१ साली जेम्स नेस्मिथ नावाच्या शिक्षकाने बसविला. एका बाजूचे पाच गडी, दहा फूट उंचीवर टोपली, चेंडू टोपलीत टाकावयाचा. संगणकातील आभासी स्पर्धेत हा खेळ कोणी प्रत्यक्ष खेळत नाही. प्रत्येक भिडू एका संघाचा चालक होतो. त्याच्याकडे बारा-पंधरा काल्पनिक खेळाडू असतात. कोणाला उतरवावे, कोणाला विकावे, कोणाला घ्यावे, कोणाला काय शिकवावे, हे चालकाने ठरवायचे आणि सामना संगणकाने गणिताने लावायचा. हंगाम सरला की खेळाडूंचे वय एकाने वाढते. तरुणांचे गुण चढतात, वयस्कांचे उतरतात.

येथे एक खुलासा आवश्यक आहे. पैसे लावून संघ निवडण्याचे जे डाव मध्यंतरी घरोघर शिरले होते, ते वेगळे. संसदेने २०२५ सालच्या ऑगस्टमध्ये कायदा करून पैशांचे ऑनलाइन खेळ बंद केले. त्यांच्या नादाने किती घरांत भांडणे झाली, हे येथे बसलेल्या माताभगिनी आमच्यापेक्षा अधिक जाणतात. आम्ही ज्याविषयी बोलतो आहोत त्या खेळात पैसा लागत नाही. डोके मात्र लागते.

त्या मुलाचा संघ गुणतक्त्यात शेवटून दुसरा होता. एके काळी तो विजेता होता. पण सगळे गडी तिशी ओलांडून गेलेले. अशा संघाची पुनर्बांधणी कशी करतात, हे त्याने आम्हाला पाऊण तास समजावून सांगितले, आणि ते ऐकताना आम्हाला आपल्या कपाशीची आठवण झाली. आपल्याकडे फरदड ठेवतात, हे आपणा सर्वांस ठाऊक आहे. वेचे संपले तरी उभे पीक काढावयाचे नाही, एखादे पाणी देऊन आणखी चार बोंडे मिळतात का ते पाहायचे. चार बोंडे मिळतात. परंतु गुलाबी बोंडअळीला वर्षभर घर मिळते आणि पुढच्या हंगामाचे वाटोळे होते. म्हणूनच कृषी खाते फरदड घेऊ नका म्हणून सांगत असते. म्हातारा झालेला विजेता संघ आणखी एक वर्ष तसाच ओढणे ही खेळातील फरदड होय. गेल्या वर्षीच्या नावलौकिकावर दोन-चार सामने जिंकता येतात, पण तोवर त्या खेळाडूंची बाजारातील किंमत जाते, पोरांना खेळावयास मिळत नाही, आणि मग संघ एकदम बसतो.

तेव्हा पहिली पायरी अशी की, किंमत आहे तोवर जुने गडी देऊन टाकावेत आणि त्यांच्या बदल्यात तरुण घ्यावेत. दुसरी पायरी पगाराच्या हिशेबाची. प्रत्येक संघाला पगारावर कमाल मर्यादा असते. समजा, ती शंभर रुपये आहे आणि दोन जुने नामांकित खेळाडू मिळून साठ रुपये नेत आहेत. म्हणजे उरलेले दहा जण चाळिसांत भागवावयाचे. ते दोन नग हलविले की हात मोकळा होतो. तिसरी पायरी सर्वांत कठीण, ती थांबण्याची. एकोणीस वर्षांच्या पोरांना मैदानात उतरवावयाचे, हरू द्यावयाचे आणि दोन-तीन हंगाम गुणतक्त्याकडे पाहावयाचे नाही. पोरे तयार झाली म्हणजे चौथ्या पायरीला, जी एक जागा लंगडी आहे तेवढ्या जागेसाठी थैली सैल सोडून पक्का गडी आणावयाचा.

आमचे म्हणणे असे की, ही विद्या टाकाऊ नाही. आज काय खावे आणि उद्यासाठी काय राखावे, हा संसाराचाच हिशेब आहे. तो एक पोरगा पारावर बसून शिकतो आहे, तर त्याला नावे ठेवू नयेत. फक्त त्या हिशेबात काय धरलेले नाही, हेही त्याला कोणी तरी दाखविले पाहिजे. तेवढ्यासाठीच आजचे हे व्याख्यान.

कागदावरची ही युक्ती माणसांवर चालविली म्हणजे काय होते, याची दोन उदाहरणे घेऊ. एक परदेशातले, एक आपल्या महाराष्ट्रातले.

अमेरिकेतील व्यावसायिक बास्केटबॉलमध्ये अशी वहिवाट आहे की, जो संघ तळाला राहतो त्याला नव्या खेळाडूंच्या निवडीत अग्रक्रमाची संधी मिळते. हेतू चांगला, दुबळ्याला हात द्यावा. परंतु माणूस हिशेबी आहे. मुद्दाम हरून तळ गाठला तर उत्तम पोरगा पदरी पडेल, असा विचार संघचालक करू लागल्याचा संशय बळावला, आणि १९८५ पासून तळाच्या संघांत चिठ्ठ्या टाकण्याची पद्धत आली. तरीही मोह सुटला नाही. फिलाडेल्फियाच्या संघाने २०१३ पासून ही युक्ती उघडपणे चालविली. चांगले खेळाडू देऊन टाकले, भविष्यातील निवडीचे हक्क गोळा केले आणि पराभव पत्करले. वर्षाला ८२ सामने. पहिल्या वर्षी १९ जिंकले, दुसऱ्या वर्षी १८, तिसऱ्या वर्षी अवघे १०. तीन वर्षांत २४६ पैकी ४७ विजय! हे गणित मांडणाऱ्या चालकाने २०१६ सालच्या एप्रिलमध्ये राजीनामा दिला. पुढे त्या संघात मोठे खेळाडू तयार झाले, सामनेही जिंकले गेले. पण ज्या विजेतेपदासाठी हा खटाटोप केला ते काही हाती आले नाही.

संगणकातील खेळाडू शंभर सामने हरला तरी त्याची झोप उडत नाही. जिवंत माणसाला हरण्याची सवय लागते. जो कारखाना मालकाने बंदच करावयाचा ठरविला आहे, तेथील कामगाराचा हात कसा चालतो, ते आम्ही पाहिले आहे. कौशल्य तेच असते, यंत्र तेच असते, पण हातातला जीव गेलेला असतो. हे गुणांच्या रकान्यात दिसत नाही.

आता आपल्या घरचे उदाहरण. कबड्डी हा आपला खेळ. आपल्या वऱ्हाडातील अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने १९३६ साली बर्लिनच्या ऑलिंपिकप्रसंगी जगाला हुतूतू दाखविला, हे अभिमानाने सांगावेसे आहे. त्याच खेळाची प्रो कबड्डी लीग २०१४ साली सुरू झाली. तिच्यात खेळाडूंचा लिलाव होतो. आपल्याकडचा शब्द वापरावयाचा तर हर्रास होतो. पहिल्या दोन हंगामांत मुंबईच्या संघाने एकदा उपविजेतेपद आणि एकदा विजेतेपद मिळविले. पुण्याची पुणेरी पलटण मात्र त्या दोन्ही वर्षी तळाला होती. पुढे पुष्कळ नावाजलेले गडी आले आणि गेले, काही वर्षे संघ वरही चढला. पण करंडक दूरच राहिला.

मग पलटणीने वाट बदलली. नावांच्या मागे न लागता कोवळी पोरे हेरून त्यांना वाढवावयाचे ठरले. मुंबईचा पंकज मोहिते २०१९ साली आला. २०२१-२२ च्या हंगामात अस्लम इनामदार आणि मोहित गोयत हे नवखे चढाईपटू उतरले. अस्लम श्रीरामपूर तालुक्यातील टाकळीभान या गावचा, म्हणजे आपल्यासारख्याच खेड्यातला. या पोरांना सामने दिले, चुकू दिले, आणि महत्त्वाचे म्हणजे सोडून दिले नाही. डिसेंबर २०२२ मध्ये पलटण प्रथमच अंतिम सामन्यात पोचली आणि जयपूरकडून २९-३३ अशी हरली. त्या संघात फजल अत्राचली हा इराणचा नामांकित बचावपटू होता. त्याला १ कोटी ३८ लाखांना घेतले होते.

पुढच्या वर्षी कसोटी होती. फजल अत्यंत अनुभवी; पण वय तिशीपार. पलटणीने त्याला मोकळे केले आणि ऑक्टोबर २०२३ च्या लिलावात त्याच डाव्या कोपऱ्याच्या जागेसाठी त्याच्याच देशाचा, वयाने बराच लहान असा महंमदरेझा शादलू घेतला. किंमत २ कोटी ३५ लाख. प्रत्येक संघाला सगळ्या खेळाडूंवर मिळून खर्चावयास ५ कोटी होते. म्हणजे एका माणसावर जवळजवळ निम्मी थैली रिकामी केली! हे धाडस कशाच्या बळावर? तर घरी वाढविलेली पोरे थोडक्या पगारात होती म्हणून. आमच्या पारावरच्या कॉलेजकुमाराची चौथी पायरी ती हीच.

त्याचे फळ आपण सर्वांनी दूरदर्शन संचावर पाहिले असेल. साखळीतील २२ सामन्यांत पलटणीचे १७ विजय, ३ बरोबरी आणि फक्त २ पराभव; एकूण ९६ गुण. शादलूने पकडींत ९९ गुण मिळवून पहिला क्रमांक घेतला. हंगामातील सर्वोत्तम खेळाडू ठरला कर्णधार अस्लम इनामदार. १ मार्च २०२४ रोजी हैदराबाद येथे हरियाणाला २८-२५ असे नमवून पलटणीने करंडक उचलला. अंतिम सामन्यात संघातर्फे सर्वाधिक ९ गुण कोणाचे? पाच वर्षे जपलेल्या पंकज मोहितेचे.

येथे गोष्ट संपविली असती तर कीर्तन झाले असते. पण गोष्ट पुढे आहे. त्यानंतरच्या लिलावात शादलू पुण्यात राहिला नाही. हरियाणाने त्याला २ कोटी ७ लाखांना नेले, आणि २९ डिसेंबर २०२४ रोजी पुण्यातच झालेल्या अंतिम सामन्यात हरियाणा विजेता ठरला. पलटण त्या वर्षी बाद फेरीतही पोचली नाही. कर्णधार अस्लम दुखापतीमुळे बाहेर बसला होता. पण कोवळ्या पोरांवर घातलेले खत वाया गेले नव्हते. २०२५ च्या हंगामात पलटण पुन्हा अंतिम सामन्यात होती. ३१ ऑक्टोबरला दिल्लीकडून २८-३१ अशी ती हरली. विकत आणलेला एक मोहरा एका वर्षात गेला. वाढविलेला संघ पडूनही उठला. पुनर्बांधणीविषयी आम्हाला जे खेळाच्या अंगाने सांगावयाचे होते ते इतकेच.

आता मस्टरच्या अंगाने बोलतो.

लीगच्या संघात १८ ते २५ खेळाडू असतात आणि मैदानात एका वेळी सात. उरलेले बदली. 'बदली' हा शब्द ऐकला की आमच्या पिढीला मुंबईच्या गिरण्या आठवतात. तेथेही बदली कामगार असे. पहाटे गिरणीच्या फाटकावर येऊन उभे राहावयाचे. कोणी कायम कामगार गैरहजर असेल तर आत घेत, नसेल तर घरी परत. वर्षानुवर्षे बदलीतच ज्यांचे केस पांढरे झाले अशी माणसे होती. आपल्याकडच्या जिनिंगचा कामगार हा तर हंगामीच. कपाशी आली की मस्टरवर नाव, कपाशी संपली की नाव खाली. गुढीपाडव्याला ज्याचे साल ठरते तो आपला सालगडीही एका वर्षाचाच करार करतो. परंतु सालगड्याचा मालक निदान गावातला असतो. त्याला दुसऱ्या दिवशी पाणवठ्यावर तोंड दाखवावे लागते.

व्यावसायिक खेळाडू हा हंगामी कामगार होय. कोटीचे आकडे आपण वर्तमानपत्रात वाचतो, ते दहा-वीस जणांचे. त्यांच्या मागे शेकडो पोरे चाचण्यांना येतात, काही निवडली जातात, काही बाकावर बसतात आणि दोन हंगामांनी यादीत नाव नाही म्हणून परत येतात. आभासी खेळात चालक बोटाने एक नाव पुसतो आणि ते नाव नाहीसे होते. प्रत्यक्षात पुसलेले नाव एस. टी. ने गावी येते. गुडघा सुजलेला असतो, कॉलेजची दोन वर्षे बुडालेली असतात, आणि घरी शेताचा तुकडा दोन एकर.

पूर्वी याला एक आधार होता. मुंबईच्या लालबाग-परळ भागातील गल्लोगल्ली कबड्डीची मंडळे होती. रेल्वे, पोलीस, बँका, मोठे कारखाने यांचे स्वतःचे संघ असत. चांगली चढाई करणाऱ्या पोराला आधी नोकरी मिळे आणि मग तो संघात खेळे. गुडघा गेला तर खेळ सुटे, पण मस्टरवरचे नाव कायम राही. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेला अडीच लाख गिरणी कामगारांचा संप आणि त्यानंतर बंद पडत गेलेल्या गिरण्या हा एक मोठा आणि दुःखाचा विषय आहे. त्यात आज शिरत नाही. गिरण्यांबरोबर एक सबंध वस्ती विस्कटली आणि तिच्या अंगणातला खेळही, एवढेच नोंदवितो. रेल्वे-पोलिसांच्या जागा अजून आहेत. महाराष्ट्र शासनाच्या नोकऱ्यांत खेळाडूंसाठी ५ टक्के जागा राखीवही आहेत. पण वाट अरुंद झाली आहे आणि तिच्या तोंडाशी गर्दी फार आहे.

कोणी म्हणेल, व्यवसाय म्हटला की असे चालावयाचेच. नियमच तसे आहेत. तेव्हा नियम कसे होतात, याची एक हकिकत सांगतो; आमच्या धंद्यातली आहे.

अमेरिकेतील बास्केटबॉल खेळाडूंनी १९५४ साली आपली संघटना बांधली. दहा वर्षे मालक मंडळी तिला हिंग लावून विचारीत नव्हती. १४ जानेवारी १९६४ रोजी बोस्टन शहरात निवडक खेळाडूंचा मोठा सामना होता. देशभर दूरचित्रवाणीवर दाखविला जावयाचा होता. प्रेक्षक येऊन बसले, कॅमेरे लागले, आणि खेळाडूंनी कपडे बदलण्याच्या खोलीचे दार लावून घेतले. निवृत्तिवेतनाचे वचन द्या, तरच बाहेर येतो! बिल रसेल, ऑस्कर रॉबर्टसन, जेरी वेस्ट, एल्जिन बेलर हे त्या काळचे सर्वांत मोठे खेळाडू त्या खोलीत होते. एका मालकाने आपल्या खेळाडूंना धमकीचा निरोप धाडला. दार उघडले नाही. शेवटी आयुक्तांनी वचन दिले आणि सामना काही मिनिटे उशिरा सुरू झाला. येथे लक्षात घ्या की, दार लावून बसणारे हे उपाशी नव्हते. ज्यांना काढण्याची कोणाची छाती नव्हती, ते बाकावरच्यांसाठी बसले होते. आमच्या मते त्या दिवशीचा खरा खेळ त्या खोलीत झाला.

पुढे रॉबर्टसन संघटनेचा अध्यक्ष झाला. मुदत संपली तरी खेळाडू जुन्या मालकालाच बांधलेला राहतो, या वहिवाटीविरुद्ध १९७० साली त्याच्या नावाने दावा गुदरला गेला. तो मिटला १९७६ साली, आणि खेळाडूला दुसऱ्या संघात जाण्याची वाट मोकळी होऊ लागली. रॉबर्टसन स्वतः १९७४ मध्येच निवृत्त झाला होता. फळ दुसऱ्यांनी खाल्ले. आंबा लावणारे असेच असतात.

आणि ती पगाराची कमाल मर्यादा, जी आमच्या कॉलेजकुमाराला निसर्गनियमासारखी वाटते? तीही १९८३ सालच्या एका करारातून आली. संघटनेने मर्यादा मान्य केली. पण बदल्यात एकूण उत्पन्नाचा ५३ टक्के वाटा खेळाडूंचा, असे लिहून घेतले. म्हणजे वरचे छत मान्य, पण खाली पायाही घाला. आपल्या देशात ही जाग उशिरा येत आहे. क्रिकेटसारख्या श्रीमंत खेळातही खेळाडूंची अधिकृत संघटना २०१९ साली स्थापन झाली, आणि तीही निवृत्त खेळाडूंची. आभासी स्पर्धेत छत असते, वाटाघाटी नसतात; लिलाव असतो, संप नसतो. तेथील खेळाडू कधी दार लावून बसत नाही. त्यामुळे ती चालवून तयार होणारा मुलगा उत्तम हिशेबनीस होईल; पण उद्या त्याच्या हाती खरी माणसे आली तर तो त्यांनाही बोटाने पुसू लागेल, ही आमची चिंता आहे. असे बोटाने पुसणारे साहेब आम्ही बरेच पाहिले. ती माणसे वाईट नव्हती. त्यांनी मस्टर पाहिले होते, कामगार पाहिला नव्हता.

आता गावाने काय करावे, हे सांगून रजा घेतो. आपली पोरे कबड्डी खेळतात, कुस्ती खेळतात, पोलीसभरतीसाठी पहाटे खामगाव रस्त्यावर धावतात. उद्या एखाद्याला बाहेरचे बोलावणे येईल. येवो, आम्ही स्वतः त्याला हार घालू. परंतु करारावर सही करण्यापूर्वी त्याच्या बापाने, मामाने किंवा गुरुजींनी तीन प्रश्न विचारावेत. दुखापत झाली तर दवाखान्याचा खर्च कोण करणार, आणि किती दिवस? मध्येच नाव काढले तर ठरलेल्या पैशांपैकी किती मिळणार? आणि शिक्षण चालू ठेवण्यास सवड आहे की नाही? तिन्हींची उत्तरे तोंडी घेऊ नयेत, कागदावर घ्यावीत. आम्ही तीस वर्षांत तोंडी आश्वासने पुष्कळ गोळा केली. त्यांची मोट बांधून आजवर एकही चूल पेटलेली नाही.

दुसरी सूचना व्यायाममंडळांना आणि शाळांना. गावाने आपला एक हजेरीपट ठेवावा. साधी शंभर पानी वही पुरे. जो मुलगा, जी मुलगी खेळासाठी बाहेर गेली, तिचे नाव, वय, इयत्ता, कोठे गेली, काय ठरले, आणि परत कधी आली, हे त्यात लिहावे. परत आलेल्याचे नाव पुसू नये. त्याच्यापुढे नवा रकाना आखावा. या मुलाला आता कोणत्या कामाला लावता येईल? लहानांना शिकवील का? कोणत्या परीक्षेला बसेल? ज्याने मोठ्या मैदानाची हवा खाल्ली आहे, तो पोरगा गावाला ओझे नाही. लहानांचा उस्ताद म्हणून त्याच्यासारखा दुसरा मिळणार नाही.

ही वही चालविण्यासाठी आमच्या डोळ्यापुढे माणूसही आहे. पारावरच्या त्या कॉलेजकुमारासारखी मुले या कामाला अत्यंत लायक आहेत. वय, गुण, करार, मुदत, सारे रकाने त्यांना पाठ आहेत. फक्त या वेळी रकान्यातला माणूस त्यांच्याच गल्लीतला असेल आणि संध्याकाळी त्याची गाठ पडेल. मंडळांच्या चालकांपैकी कोणी पुढे येत असेल तर त्याने व्याख्यान संपताच येथेच भेटावे. पहिली वही आमच्याकडून.